कोश-आगाच: तीन सीमांचा एक तालुका

सगळी नोकरी महसूल खात्यात गेली, त्यामुळे नकाशा हातात आला की माझी नजर आधी हद्दींवर जाते, डोंगर-नद्या मागाहून. रशियाच्या नकाशात सायबेरियाच्या दक्षिण टोकाला एक तालुका असा आहे की त्याला एकट्याला मंगोलिया, चीन आणि कझाखस्तान अशा तीन देशांच्या सीमा लागतात. अल्ताई प्रजासत्ताकातला कोश-आगाच रायोन. रायोन म्हणजे आपल्या हिशेबानं तालुका. क्षेत्रफळ १९,८४५ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा अहिल्यानगर, तो १७,०४८. तालुका आपल्या जिल्ह्याहून मोठा, आणि माणसं? एकोणीस हजारांच्या आसपास. अहिल्यानगरात २०११च्या जनगणनेत पंचेचाळीस लाख भरली होती. असला तालुका चालवतात तरी कसा, हे बघायची खुमखुमी मला बरीच वर्षं होती. तरुणपणी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये संध्याकाळच्या वर्गाला जाऊन रशियन शिकलो होतो, तेवढं भांडवल. २०२४च्या जुलैत निघालो. सोबत सौ. तिची अट एकच, जेवणात रोज घोडा असेल तर ती येणार नाही.

बुधवार, गोर्नो-अल्ताइस्क

मॉस्कोहून थेट विमान मिळतं. मॉस्कोपेक्षा घड्याळ चार तास पुढे, त्यामुळे पहाटे उतरलो तेव्हा शरीर मध्यरात्रीतच अडकलेलं. हे प्रजासत्ताकाचं राजधानीचं गाव. रेल्वे इथे नाही. जवळचं स्टेशन बियस्क, ते शेजारच्या अल्ताई क्रायमध्ये. अल्ताई क्राय आणि अल्ताई प्रजासत्ताक ही दोन वेगळी राज्यं आहेत, आणि हा घोटाळा परदेशी माणसांचाच होतो असं नाही. प्रजासत्ताकाचं क्षेत्र सुमारे ९३ हजार चौरस किलोमीटर. त्यात एक शहर आणि दहा रायोन. शहर म्हणजे हे गोर्नो-अल्ताइस्क, बाकी सगळी खेडी. एकटा कोश-आगाच या राज्याचा पाचवा हिस्सा व्यापतो.

सकाळी पहिलं काम कागदाचं. सीमेलगतच्या पट्ट्यात जायला परदेशी माणसाला पास लागतो. तो देते सीमा सेवा, आणि सीमा सेवा २००३पासून एफएसबीच्या, म्हणजे रशियाच्या सुरक्षा यंत्रणेच्या अखत्यारीत आहे. आम्ही एका स्थानिक प्रवासी संस्थेमार्फत महिनाभर आधीच अर्ज टाकला होता. पासावर माणसांची नावं, तारखा, गावं, रस्ता, सगळं नमूद. ठरवलेल्या गावापलीकडे पाऊल टाकायचं नाही. सौ.ने पास उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, "अहो, तुमच्या हाताखालच्यांनी असा स्वच्छ कागद कधी दिला होता का हो लोकांना?" मी विषय बदलला.

दुपारी अनोखिन संग्रहालय. इथेच 'उकोकची राजकन्या' आहे. १९९३मध्ये नताल्या पोलोस्माक या पुरातत्त्वज्ञ बाईंना उकोकच्या पठारावर, अक-आलाखा इथल्या थडग्यात ती सापडली. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीची तरुण स्त्री. थडग्यात पाणी शिरून गोठलेलं, त्यामुळे कातडी टिकली आणि तिच्यावरचं गोंदणही टिकलं. शेजारी सहा घोडे पुरलेले. तिला नोवोसिबिर्स्कला नेलं आणि इथल्या लोकांनी ते कधीच मनाला लावून घ्यायचं सोडलं नाही. शेवटी २०१२मध्ये ती परत आली, तीही या नव्यानं बांधलेल्या संग्रहालयात. तिचा कक्ष चांद्रमासातल्या ठरावीक दिवसांतच उघडतात. आम्ही गेलो तो दिवस त्यातला नव्हता. बाहेर तिच्या पोशाखाची प्रतिकृती आणि गोंदणाची चित्रं होती, ती मात्र निवांत बघता आली. खांद्यावरच्या हरणाची शिंगं ग्रिफिन या काल्पनिक, चोचवाल्या प्राण्याच्या मुंडक्यांत संपतात.

गुरुवार, चुया महामार्ग

सकाळी सातला मार्शरूत्का, म्हणजे ठरल्या मार्गावरची मिनीबस. कोश-आगाच साडेचारशे किलोमीटरच्या पुढे. हा रस्ता आर-२५६, नोवोसिबिर्स्कहून निघून मंगोलियाच्या सीमेवरच्या ताशांतापर्यंत जातो. पूर्वी इथून बियस्कच्या व्यापाऱ्यांचे तांडे मंगोलियाशी व्यापाराला जात. मोटारीचा रस्ता झाला तो १९३०च्या दशकात, आणि त्यात कैद्यांचे श्रम मोठे. आज तो बघून रशियन पर्यटक हुरळून जातात. रस्ता आहेच तसा देखणा, उगाच नाही म्हणत.

सेमिन्स्की खिंड १,७१७ मीटर. वर १९५६मध्ये उभारलेला स्तंभ आहे, अल्ताई लोक रशियात 'स्वेच्छेनं' सामील झाल्याला दोनशे वर्षं झाली म्हणून. स्तंभाभोवती बाजार: देवदाराच्या बिया, मध, लोकरी मोजे. तिथून पुढे चिके-तामानची वळणं, मग चुया आणि कातुन या नद्यांचा संगम. दोन पाण्यांचे रंग थोडा वेळ वेगळे चालतात. गाडी थांबली नाही, खिडकीतून जेवढं दिसलं तेवढंच.

आक्ताश उलागान रायोनमध्ये येतं. ते मागे पडलं की हद्द बदलते आणि काही वेळानं एकदम सगळं उघडं होतं. कुराईचं गवताळ मैदान, त्याच्या पलीकडे उत्तर चुया रांगेची बर्फाची भिंत. कुराई हे कोश-आगाच रायोनचं पहिलं गाव. मैदानात नदीकाठी जमिनीला लाटा आहेत, एकामागून एक, एखाद्या दुमजली-तिमजली घराएवढ्या उंच. हिमयुगात बर्फानं चुयाची दरी अडवली, मागे भलंमोठं सरोवर साचलं आणि बांध फुटल्यावर जो लोंढा गेला त्यानं खडी-गोटे या आकारात रचले. नदीच्या तळाशी वाळूत ज्या वळ्या पडतात त्याच या, फक्त मोजमाप राक्षसी. आजूबाजूच्या डोंगरांच्या उतारावर त्या सरोवराच्या जुन्या काठाच्या रेषा अजून पायऱ्यांसारख्या दिसतात.

चागान-उझून ओलांडलं की चुया स्टेप, म्हणजे उघडं गवताळ मैदान. झाडं संपली. संध्याकाळी कोश-आगाचला उतरलो तेव्हा नऊ वाजायला आले होते आणि ऊन होतं.

शुक्रवार, कोश-आगाच

उंची साडेसतराशे मीटर. बुटकी घरं, रुंद रस्ते, वारा, आणि वाऱ्यात बारीक धूळ. पाऊस वर्षाला शे-सव्वाशे मिलिमीटर. रशियातल्या सर्वांत कोरड्या जागांपैकी ही एक. जमिनीखाली कायमचं गोठलेलं. हिवाळ्यात पारा उणे चाळीसच्या खाली सहज जातो. त्यामुळे कागदोपत्री हा रायोन 'अतिउत्तरेच्या समकक्ष' मानला जातो आणि नोकरदारांना त्याचा जादा भत्ता मिळतो. अक्षांश पन्नास, म्हणजे पॅरिसच्या जवळपासचा, आणि दर्जा ध्रुवाजवळचा! सरकारी व्याख्येची ही ताकद मला ओळखीची वाटली.

आमचा मुक्काम एका कझाख आजीच्या घरी. तिला सगळे आपा म्हणतात, आम्हीही म्हणू लागलो. अंगणात वाळलेल्या शेणाचा रचून ठेवलेला ढीग माझ्याहून उंच होता. लाकूड बाहेरून आणावं लागतं, कोळसा महाग, म्हणून थंडीची भिस्त त्याच्यावर. सकाळी चहा आला तो दूध आणि मीठ घातलेला. बरोबर तळलेले बाउरसाक, साय, आणि एका वाडग्यात भाजलेल्या जवाचं पीठ, ज्याला इथे ताल्कान म्हणतात. सौ.ने बोटावर घेऊन चाखलं. "अहो, हे तर सातूचं पीठ! गूळ असता तर बहार होती." पुढचे सगळे दिवस ती ताल्कानवर होती आणि तिच्या अटीचा प्रश्न आपोआप मिटला.

सोवेत्स्काया रस्त्यावर रायोनची कचेरी. मी सवयीनं आधी बाहेरचा सूचनाफलक वाचला. जनावरांच्या लसीकरणाचं वेळापत्रक, चराऊ जमिनीच्या भाडेपट्ट्याची जाहीर सूचना, शाळाप्रवेश. कागद चारी कोपऱ्यांना पिनांनी टोचलेले आणि वर पुन्हा आडवी पट्टी, वाऱ्यामुळे.

रचना मला जी समजली ती अशी. रायोनला स्वतःची लोकनियुक्त परिषद आणि एक प्रमुख. त्याच्याखाली बारा ग्रामवस्त्या, म्हणजे 'सेल्स्कोये पोसेलेनिये'; प्रत्येकीला पुन्हा आपली छोटी परिषद आणि आपला प्रमुख. कुराई, चागान-उझून, ऑर्तोलिक, मुखोर-तार्खाता, बेल्तिर, तेलेंगित-सोर्तोगोय, तोबेलेर, कोकोर्या, ताशांता, जाझातोर, कझाखांची झाना-आउल, आणि स्वतः कोश-आगाच. शाळा रायोनच्या, दवाखाना प्रजासत्ताकाचा, पोलीस, न्यायालय, जमिनीची नोंदणी आणि सीमा थेट मॉस्कोची. आपला तहसीलदार एकाच खुर्चीत बसून महसूल, दंडाधिकारी, निवडणूक, पुरवठा सगळं बघतो. तसा माणूस इथे नाहीच. प्रत्येक खातं आपापल्या दोरीनं वर बांधलेलं, आणि दोऱ्यांची लांबी वेगवेगळी. रायोनच्या प्रमुखाच्या हातात रस्त्यावरचा खड्डा आहे, पण गावापासून पन्नास किलोमीटरवरचा सीमेचा अडसर नाही.

गावाच्या कडेला सौरऊर्जेचा प्रकल्प. २०१४मध्ये सुरू झाला, ५ मेगावॅटचा, रशियातल्या अगदी सुरुवातीच्या मोठ्या सौरप्रकल्पांपैकी. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, थंडीत पटलं तापत नाहीत. जागा अचूक निवडली आहे. सैल्युगेम राष्ट्रीय उद्यानाची कचेरीही इथेच. ते २०१०मध्ये झालं, मुख्यतः आर्गाली या रानमेंढ्यासाठी आणि हिमबिबट्यासाठी. आर्गाली उन्हाळ्यात एका देशात चरतो, हिवाळ्यात दुसऱ्या. त्याला पास लागत नाही.

शनिवार, झाना-आउल

जवळचंच गाव, आपाच्या भावजयीचं. या रायोनमध्ये निम्म्याहून जास्त लोक कझाख आहेत, चाळीसेक टक्के तेलेंगित आणि इतर अल्ताई, रशियन अगदी मूठभर. कझाख इथे आले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, कळप घेऊन, चराईच्या शोधात. गावात अल्ताईच्या कझाखांचं छोटं संग्रहालय आहे. चांदीचे दागिने, फेल्टचे रंगीत गालिचे, शिकारी गरुडाची टोपी. सोव्हिएत संघ मोडल्यावर यातले बरेच जण नव्या कझाखस्तानात निघून गेले आणि त्यातले काही परतही आले.

"का परतलात?" मी भावजयीच्या नवऱ्याला विचारलं.

"तिकडे गवत वेगळं," तो म्हणाला. "आणि तिकडे आम्हाला रशियाचे कझाख म्हणायचे."

जेवायला बेशबार्माक. मटणाचं होतं, घोड्याचं नाही, तरी सौ.ने रुंद शेवयांवरच भागवलं. प्रजासत्ताकाच्या राजभाषा दोन, अल्ताई आणि रशियन. जिथे कझाख एकवटून राहतात तिथे कझाख भाषाही सरकारी व्यवहारात वापरायला कायद्यानं मुभा आहे. घरातली पोरं आमच्यासमोर तिन्ही भाषांत भांडत होती.

रविवार, जुनं बेल्तिर

आज गाडी केली. 'बुखांका' नावाची उआझ, म्हणजे रशियन बनावटीची व्हॅन; चालवणारा तेलेंगित तरुण. तो मला द्याद्या, म्हणजे काका म्हणायचा आणि सौ.ला काहीच म्हणायचा नाही, लाजायचा.

२७ सप्टेंबर २००३ला इथे ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला. बेल्तिर गाव राहण्याजोगं उरलं नाही. सरकारनं कोश-आगाचजवळ नवं बेल्तिर वसवलं. जुन्या जागी थोडी कुटुंबं राहिली. आम्ही गेलो तेव्हा गल्ल्या ओळखू येत होत्या, पण बरीच घरं नुसत्या चौथऱ्यांपुरती उरलेली, त्यात गवत. एका ठिकाणी दारासमोर लावलेली लोखंडी शिडी तशीच उभी, दार नाही. शिडीला खालून तिसरी पायरी नव्यानं वेल्डिंग केलेली होती. म्हणजे भूकंपाच्या आधी कुणीतरी ती डागडुजी करून घेतली होती. पुढे ताल्दुरा नदीच्या खोऱ्यात अख्खा डोंगर घसरला ती जागा. वरपर्यंत चढलो नाही, गुडघे.

चालक म्हणाला, "म्हातारी माणसं म्हणतात, राजकन्येला उकरून काढली म्हणून झालं."

"तू काय म्हणतोस?"

"मी तेव्हा लहान होतो, द्याद्या. पण परत आणली ते बरं झालं."

२०१४मध्ये प्रजासत्ताकातल्या वडीलधाऱ्यांच्या मंडळानं तिला पुन्हा पुरावं असा ठरावही केला. अजून ती संग्रहालयातच आहे. कोयनेचा भूकंप पाहिलेल्या माणसांच्या तोंडून धरणाबद्दल मी जे ऐकत आलो, त्यामुळे मला या म्हाताऱ्यांना हसू आलं नाही. लोकांना कारण लागतं. पुनर्वसनाचं म्हणाल तर, जुन्या गावात नदी आणि चराई होती, नव्या गावात दवाखाना आणि शाळा जवळ. नव्या बेल्तिरमध्ये घरं सरळ रांगेत, सारखी. पुनर्वसित गाव जगात कुठेही लांबून ओळखता येतं.

सोमवार, कोकोर्या

या दिवसासाठी मी आलो होतो असं म्हटलं तरी चालेल. तेलेंगितांचं गाव. तेलेंगितांची गोष्ट हद्दीच्या अभ्यासकानं ऐकावी अशी आहे. चुयाच्या खोऱ्यातले हे लोक शतकभर 'द्वोयेदान्त्सी' होते, दोन्हीकडे कर भरणारे. रशियाच्या झारलाही कातडी द्यायची आणि चीनच्या बादशहालाही. दोन साम्राज्यांमध्ये सीमारेषाच नक्की नव्हती, मग दोघांनीही वसुली केली. १८६४मध्ये चुगुचाकच्या करारानं रेष ठरली आणि पुढच्या वर्षी हे फक्त रशियाचे प्रजाजन झाले. दुहेरी आकारणी रद्द व्हायला आंतरराष्ट्रीय करार लागला! २०००पासून रशियानं त्यांना 'अल्पसंख्य मूलनिवासी' म्हणून वेगळं मान्य केलं आहे.

ग्रामवस्तीची कचेरी म्हणजे तीन खोल्या. बाई पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. मी निवृत्त महसूल अधिकारी आहे म्हटल्यावर आधी संशयानं पासच तपासला, मग चहा मागवला. मी विचारलं, गावाची नोंद कशात ठेवता? त्यांनी कपाटातून एक जाडजूड, कापडी पाठीची वही काढली. 'पोखोझ्यायस्त्वेन्नाया क्निगा', घरवार नोंदवही. प्रत्येक घराला एक पान. कुटुंबातली माणसं, जन्मसाल, नातं. खाली जमीन किती. त्याखाली जनावरं: गाई, याक, घोडे, मेंढ्या, पश्मिन्याच्या शेळ्या, प्रत्येकाची संख्या वर्षवार रकान्यात. यंत्रं असतील तर ट्रॅक्टर वगैरे. आपला सातबारा जमिनीला धरून चालतो, माणूस त्यावर येतो-जातो. इथे पान घराचं, आणि जमीन त्यातली एक ओळ. जिथे एका माणसाच्या वाट्याला एक चौरस किलोमीटर येतो, तिथे जमीन मोजून कोण भांडणार? मोजायची ती जनावरं.

"पाहणी कधी करता?" मी.

"वर्षाला एकदा घरोघर जायचं. पण जनावरं वर कुरणात असतात. मग मालक सांगेल ते लिहायचं."

"आणि तो खरं सांगतो?"

बाईंनी चष्मा खाली घेतला. "अनुदान वाटायचं असेल तेव्हा मेंढ्या वाढतात. कर म्हटलं की लांडगा खातो."

आमच्याकडच्या पीक पाहणीत लांडगा नसतो, बाकी सगळं तेच. त्यांनी सांगितलं की आता नोंद संगणकावरही करतात, पण वही त्यांनी सोडलेली नाही, कारण नेटवर्क जातं. कर्ज, अनुदान, निवृत्तिवेतन, मुलांचा भत्ता, कुठल्याही कामाला या वहीतला उतारा लागतो. तो इथे मिळाला नाही तर कोश-आगाच गाठायचं. कोकोर्याला ते फार नाही. पण जाझातोर याच रायोनमध्ये, डोंगरापलीकडे सव्वाशे किलोमीटरवर. तिकडचा रस्ता नुसता नावाचा. तिथे अलीकडेपर्यंत वीजही डिझेलची होती, २००७मध्ये छोटं जलविद्युत केंद्र झालं तेव्हा कुठे दिवे नीट लागले. अशा गावाला एक शिक्का मारणारा माणूस गावातच असणं म्हणजे काय, हे तलाठ्याची वाट बघत सज्जाच्या पायरीवर बसलेल्यांना सांगायला नको.

मंगळवार, ताशांता

कोश-आगाचहून पन्नासेक किलोमीटर, रस्ता सुतासारखा सरळ. वाटेत दोन मदारींचे उंट रस्ता अडवून उभे. मदार म्हणजे पाठीवरचा उंचवटा; आपल्या वाळवंटातल्या उंटाला एकच असतो. चालकानं हॉर्न दिला नाही, थांबला, तंबाखू काढली.

वाटेत एक फलक ठिकठिकाणी दिसत होता: मार्मोटला हात लावू नका, शिकार करू नका, मांस घेऊ नका. मार्मोट म्हणजे बिळात राहणारं गुबगुबीत जनावर, इथे पूर्वी त्याचं मांस आवडीनं खात. पण या रायोनच्या उंच भागात प्लेगचं नैसर्गिक केंद्र आहे. २०१४, २०१५ आणि २०१६ असे लागोपाठ तीन वर्षं इथे प्लेगचे रुग्ण सापडले, त्यानंतर शिकारबंदी कडक झाली आणि गावोगाव लसीकरण सुरू झालं. चालकानंही लस घेतलेली. पुण्याच्या माणसापुढे प्लेग म्हटलं की १८९७ आठवतंच, रँड आठवतो. सौ.ला हाफकिन आठवले, तिचं माहेर परळचं. वाल्देमार हाफकिन मूळचे रशियन साम्राज्यातल्या ओदेसाचे, आणि प्लेगची लस त्यांनी मुंबईत केली. चालकाला सांगितलं तर त्यानं नाव दोनदा विचारून घेतलं.

ताशांता गाव लहान. एका टोकाला जकात आणि पारपत्र तपासणी, तिथे मंगोलियाचे मालट्रक रांगेत. पायी सीमा ओलांडता येत नाही, वाहन हवंच. गंमत अशी की खरी सीमा इथे नाहीच. ती वीसेक किलोमीटर पुढे, दुर्बेत-दाबा खिंडीत, जवळजवळ अडीच हजार मीटरवर. रशियातून शिक्का मारून बाहेर पडायचं आणि मग तेवढं अंतर कुणाच्याच हद्दीत नसल्यासारखं चालवत जायचं. नकाशावर रेष एक, कारभारात मात्र पट्टा. माझ्या नोकरीत शिवेचे दगड हलवल्याच्या तक्रारी मी शेकड्यांनी ऐकल्या. इथे दगड आणि चौकी यांच्यात अख्खं खोरं आहे.

चौकीच्या अलीकडे गणवेशातल्या तरुणानं पास आणि पारपत्रं घेतली, नावं रजिस्टरशी ताडून पाहिली. फोटो काढायचे नाहीत, एवढंच बजावलं. मग विचारलं, "भारत? इथे काय बघायला?"

मी म्हटलं, "कारभार."

त्यानं एकदा माझ्याकडे, एकदा चालकाकडे बघितलं. चालक म्हणाला, "द्याद्या खरंच तेच बघतो." पास परत मिळाला.

नैर्ऋत्येला उकोक. तिकडे जायचं तर तेप्ली क्ल्यूच खिंड, २,९०७ मीटर, मोठी गाडी आणि वेगळा पास. आमच्या पासात नव्हतं. पठाराच्या दक्षिणेला ताबीन-बोग्दोच्या शिखरांशी रशिया, चीन आणि मंगोलिया मिळतात. चीनशी रशियाची सीमा चार हजार किलोमीटरहून लांब आहे, पण ती जवळजवळ सगळी अतिपूर्वेला. इथला तुकडा जेमतेम पंचावन्न किलोमीटरचा, बर्फाच्या कड्यांवरून गेलेला. तिथून चीनला वायूवाहिनी न्यायची योजना वर्षानुवर्षं चर्चेत राहिली, आणि उकोक १९९८पासून जागतिक वारशाच्या यादीत असल्यानं विरोधही तितकाच.

बुधवार, परतीच्या वाटेवर

सकाळी मिनीबस. आपानं ताल्कानची पिशवी आणि कुरुत, म्हणजे दगडासारखं वाळवलेलं चीज दिलं. परतीत लिहिण्यासारखं काही नाही, चिके-तामानला सौ.ला गाडी लागली.

परत आल्यावरची एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. २०२५च्या जूनमध्ये अल्ताई प्रजासत्ताकात ग्रामवस्त्यांच्या परिषदा काढून फक्त रायोनचा एकच थर ठेवण्याचा बदल पुढे आला. रशियाच्या नव्या स्थानिक स्वराज्य कायद्यानं राज्यांना ती मुभा दिली आहे. खर्च वाचतो, कर्मचारी कमी लागतात, हे समर्थन. गोर्नो-अल्ताइस्कमध्ये हजारो लोक जमले, काहींनी रस्ते अडवले. एवढ्या शांत मुलखात हे झालं याचं बातम्या देणाऱ्यांना नवल वाटलं. मला वाटलं नाही. नागरिकांची सेवा ऑनलाइन झाली की गावातली कचेरी जादा ठरते, असं कचेरीत बसून वाटतं. बारा ठिकाणच्या बारा वह्या एका कपाटात ठेवता येतात, यात शंका नाही. पण वाढलेल्या मेंढ्या कुठल्या आणि लांडग्यानं खाल्लेल्या कुठल्या, हे त्या कपाटाला कळणार नाही. मी तहसीलला होतो तेव्हा सज्जे एकत्र करण्याचा असाच एक प्रस्ताव मी स्वतः वर पाठवला होता, आकडे अगदी चोख होते.

कुणाला जायचंच असेल तर: जुलै-ऑगस्टमध्ये जा, तरी रात्रीसाठी स्वेटर घ्या. आपली बँककार्डं रशियात चालत नाहीत, सगळा खर्च रोख न्यावा लागतो आणि कोश-आगाचपुढे सुटे पैसे मिळत नाहीत. सीमेच्या पट्ट्याचा पास निघायच्या निदान दीड महिना आधी टाका आणि त्यात जाझातोर लिहायला विसरू नका. आम्हाला तिकडे जायचं आहे.